टो रेटिंग ११,००० पाउंड, मग ७,४०० पाउंडांचा ट्रेलर जड का?

प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ फ्रिस्कोला राहणारं कुटुंब. ट्रक फोर्ड एफ-१५०, सुपरक्रू, फोर-बाय-फोर, ३.५ लिटर इकोबूस्ट टर्बो इंजिन, वरची ट्रिम (म्हणजे जास्त सोयींची, महाग आवृत्ती). माहितीपत्रकातलं टो रेटिंग, म्हणजे ओढता येणाऱ्या ट्रेलरचं कमाल वजन, ११,००० पाउंड. घ्यायचा आहे तो २८ फुटी बंकहाउस ट्रेलर, म्हणजे एकावर एक पलंग असलेला राहता ट्रेलर. त्याचं कोरडं वजन ६,२०० पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासह कमाल परवानगीचं वजन) ७,८००, हिच वेट (ट्रकच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर, पडणारा भार) ६४० लिहिलेलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून येणारी आई, अशा पाच जणांना कोलोराडोला जायचं आहे. दारावरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे ट्रकवर चढवता येणारं एकूण वजन, १,४८० पाउंड, ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ४,०५०. मॅन्युअलमध्ये जीसीडब्ल्यूआर (ट्रक आणि ट्रेलर मिळून कमाल वजन) १७,०००. डीलर म्हणतो, "आरामात ओढेल." खरंच ओढेल का?

ओढेल. इंजिनाला त्यात काही जड नाही. पण पाच माणसं बसवून हा ट्रेलर या ट्रकला सुरक्षितपणे जोडता येणार नाही, कारण गाडं अडतं ते ओढण्यात नव्हे, पेलण्यात. डीलर खोटं बोलत नाही. तो फक्त एकच आकडा सांगतो, आणि तुमच्यासाठी नेमका तोच आकडा बिनकामाचा आहे.

११,००० कुठून आले ते आधी बघा. अमेरिकेतले पिकअप बनवणारे सगळे मोठे उत्पादक आता एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे टो रेटिंग काढतात. चाचणी कडक आहे. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, स्टेट रूट ६८ वर, सुमारे साडेअकरा मैल एसी पूर्ण चालू ठेवून ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढायचं. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी एवढेच धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांचे. टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा हिचवर पडणारा भार, १० टक्के धरतात. ११,००० चे १० टक्के ११००, दोन माणसांचे ३००, वर हिचचं सामान. झाला की तुमचा पेलोड संपून! मागची सीट रिकामी, बेड (मागचा उघडा हौदा) रिकामा, अशा ट्रकचं ते रेटिंग आहे. आणि ११,००० हा त्या मॉडेलच्या एका विशिष्ट जोडणीचा आकडा. तुमच्या ट्रकवर पॅनोरामिक सनरूफ, २० इंची चाकं, इलेक्ट्रिक सीट, पायरी असं जे जे चढलं, त्याचं वजन पेलोडमधून वजा होऊनच दाराच्या स्टिकरवर उतरलं आहे. ट्रिम जितकी महाग तितका पेलोड कमी, हे लोकांना पटत नाही, पण दोन ट्रकांची दारं उघडून बघितलं की पटतं.

म्हणून पहिला खरा आकडा चालकाच्या बाजूच्या दारचौकटीवरचा. तिथे टायरच्या माहितीचं पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं. त्यावरचं वाक्य सांगतं की प्रवासी आणि सामान मिळून वजन इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. तुमच्याकडे ते १,४८०. यात भरलेली पेट्रोलची टाकी आधीच धरलेली असते, पण चालक धरलेला नसतो. "चालक धरूनच लिहितात" हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

आता ट्रेलर. कोरडं वजन म्हणजे कारखान्यातून निघालेला, कोणी न वापरलेला डबा. त्यात बॅटरी बहुतेक वेळा नसते, गॅस नसतो, पाणी नसतं. जोडत जा. नाकावर २० पाउंडी प्रोपेनची दोन सिलिंडरं असतात आणि भरलेली दोन्ही मिळून साधारण ७५ पाउंड भरतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ५० ते ६० पाउंड. पाणी गॅलनमागे ८.३४ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड झाले. मग सांडपाण्याचा पाइप, लेव्हलिंगचे ठोकळे, खुर्च्या, चटई, पाच जणांचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण. आपल्या घरांत स्वयंपाकघराचं वजन जास्त भरतं: कुकर, इन्स्टंट पॉट, तांदळाची २० पाउंडी पिशवी, डाळी, पिण्याच्या पाण्याचे क्रेट. कोरड्या वजनात हजार-बाराशे पाउंड सहज वाढतात. तेव्हा रस्त्यावर हा ट्रेलर ७,४०० च्या आसपास भरेल असं धरा. ज्यांना अंदाज नको त्यांनी सरळ जीव्हीडब्ल्यूआरच धरावा, म्हणजे इथे ७,८००. आकडा कोणताही घ्या, कोरडं वजन मात्र हिशेबात कुठेही घेऊ नका.

माहितीपत्रकातलं ६४० पाउंडांचं हिच वेटही तितकंच फसवं. प्रोपेन आणि बॅटरी दोन्ही नाकावरच बसतात आणि बहुतेक बंकहाउसांचा मोठा सामानाचा कप्पा पुढच्या पलंगाखाली असतो. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. १२-१३ टक्क्यांना ट्रेलर सरळ, शहाण्यासारखा मागे येतो. ७,४०० चे १३ टक्के म्हणजे ९६० पाउंड.

ट्रकवर पडणारा भार मांडू:

पाच माणसं (दोन मोठी, आई, दोन मुलं): ६१५
केबिनमधलं सामान, बूस्टर सीट, खाण्याची पेटी: ६०
बेडमधलं जनरेटर, सायकली, हत्यारं, झाकण: २००
वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार वाटणारी जोडणी): ९०
टंग वेट: ९६०
एकूण १,९२५

स्टिकर म्हणतं १,४८०. तुम्ही ४४५ पाउंडांनी वर आहात. आणि त्याच वेळी टो रेटिंगमध्ये ३,६०० पाउंड शिल्लक दिसतात! एकत्रित वजन १३,९४० च्या घरात, म्हणजे जीसीडब्ल्यूआरच्याही कितीतरी आत. दोन आकडे उत्तम आणि तिसरा नापास, अशी परिस्थिती हाफ-टन, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या, ट्रकांत अगदी नेहमीची आहे.

हाच हिशेब उलटा करा, म्हणजे शोरूममध्ये जाण्याआधी कळेल की बघायचं काय. १,४८० मधून माणसं, सामान आणि हिच वजा केलं की टंग वेटसाठी ५१५ उरतात. त्याला ०.१३ ने भागा. उत्तर ३,९६० पाउंड. पाच माणसं आणि भरलेला बेड घेऊन या ट्रकला झेपणारा ट्रेलर हा एवढा, तोही भरलेला. बेड रिकामा करून ते २०० पैकी १५० पाउंड ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या आसपास हलवले, तर उरतात ६६५ आणि ट्रेलर ५,१०० पर्यंत जातो. वर आई नसताना चौघंच गेलात तर ८००, म्हणजे ट्रेलर ६,१५०. सामान हलवलं की ट्रेलरचं वजनही तितकंच वाढतं, हे मात्र धरून चाला. माणसाचं वजन हलवता येत नाही, सामानाचं येतं, एवढाच काय तो हातातला खेळ.

इथे हमखास विचारलं जातं: "पण वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावली की भार वाटला जातो ना?" जातो, पण थोडाच. हिचचा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या चारपाच फूट मागे असतो, म्हणून तिथे ९६० पाउंड टेकले की ट्रक सी-सॉसारखा वागतो. मागचा अ‍ॅक्सल ९६० पेक्षा जास्त खाली दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक याच चाकांवर, म्हणून धोका तिथे. हिचचे स्प्रिंग बार हा परिणाम उलटा फिरवतात, थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतात.

किती ढकलतात ते काट्यावर कळतं. कॅट स्केल हे ट्रकचे वजनकाटे हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर असतात. एका वजनाला पंधरा डॉलरच्या आसपास लागतात, लगेच केलेल्या दुसऱ्या वजनाला बरेच कमी. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर तीन वेगळ्या पाट्यांवर उभे राहतील अशी गाडी लावायची. तीन वजनं करा, प्रत्येक वेळी सगळी माणसं आत बसलेली आणि टाकी भरलेली. तुमच्या जोडीचे आकडे साधारण असे येतील:

नुसता ट्रक, सामानासह: पुढे ३,४६०, मागे ३,०८०, एकूण ६,५४०.
ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे ३,०४०, मागे ४,४६०, ट्रेलर ६,४४०.
बार लावून: पुढे ३,२६०, मागे ४,१२०, ट्रेलर ६,५६०.

वाचायचं कसं? दुसऱ्या वजनातली ट्रकच्या दोन अ‍ॅक्सलांची बेरीज ७,५००. त्यातून पहिली ६,५४० वजा केली की ९६०, हे खरं टंग वेट. ट्रेलरचं पूर्ण वजन म्हणजे दुसऱ्या खेपेची तिन्हींची बेरीज वजा ६,५४०, म्हणजे ७,४००. पुढच्या चाकांवरून ४२० पाउंड उडाले होते, त्यातले २२० बारांनी परत आणले. फोर्डच्या अलीकडच्या मॅन्युअलमध्ये साधारण एवढीच, निम्मी भरपाई करायला सांगतात. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर गेले फक्त १२०. ट्रक आता ७,३८०, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआरच्या अजून ३३० वर. मागचा अ‍ॅक्सलही मर्यादेच्या ७० वर.

मग बार अजून ताणू या, असं मनात येतं. कागदावर मागचा अ‍ॅक्सल ४,०५० च्या आत येईलही, पण ट्रकचं एकूण वजन तरी ७,०५० च्या खाली येत नाही. आणि पुढे जास्त वजन गेलं की मागची चाकं प्रमाणाबाहेर हलकी होतात. ओल्या वळणावर ट्रकचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची तीच सुरुवात असते. हिचची रिसीव्हर, म्हणजे ट्रकखालची हिच बसायची चौकोनी नळी, आणि तिचे वेल्ड यांच्यावरही ताण चढतो. रिसीव्हरवरच एक स्टिकर असतं, त्यावर बार नसताना आणि बार लावल्यावर अशा दोन वेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात. अनेक एफ-१५० वर पहिली ५,००० पाउंड ट्रेलर आणि ५०० टंग इतकीच असते. तुमच्या ट्रकखाली वाकून ते वाचाच. वाकायला कोणी तयार नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एअरबॅग किंवा जादा स्प्रिंग बसवून पेलोड वाढवून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याचंही तेच. ट्रकचा ढुंगणावर बसलेला भाग वर उचलला जातो, दिसायला छान दिसतो. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी होती तीच राहते, आणि स्टिकरचा आकडाही.

आता हवा. वजनाइतकाच ट्रेलरचा आकार त्रास देतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. फ्रिस्कोहून कोलोराडोचा सरळ रस्ता म्हणजे यूएस-२८७ ने अ‍ॅमरिलो, पुढे डॅलहार्ट, क्लेटनवरून रॅटन आणि मग आय-२५. टेक्सस पॅनहँडलमध्ये आडवा वारा अडवायला झाडसुद्धा नाही. आठ फूट रुंद आणि जमिनीपासून दहा-अकरा फूट उंच डबा म्हणजे समोरून ७० चौरस फुटांहून मोठी भिंत. हाफ-टन ट्रकांच्या टोइंग मार्गदर्शिकेत समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, एफ-१५० ला अनेकदा ६० चौरस फूट. टो पॅकेज नसेल तर त्याहून बरीच कमी. २८ फुटी ट्रेलरची बाजूची भिंत २०० चौरस फुटांच्या वर जाते आणि तिच्यावर आदळणारा झोत ट्रकच्या मागच्या टोकाला ढकलतो. शेजारून सेमी (मोठा मालट्रक) गेला की आधी बाहेर लोटल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं, ते यामुळेच. ट्रकच्या चाकतळावरून (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावरून) ट्रेलरची लांबी ठरवायचा एक ठोकताळा लोक सांगतात. तो कंपन्यांचा नियम नाही, फार मनावर घेऊ नका.

ट्रेलर डोलू लागणं, ज्याला सगळे स्वे म्हणतात, ते बहुतेक वेळा सामान चुकीचं लावल्याने होतं. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलरची शेपटी जड होते आणि एका धक्क्यानंतरचं डोलणं कमी व्हायच्याऐवजी वाढत जातं. हे नकळत घडायच्या दोन-तीन जागा आहेत. मागच्या बंपरवर चार सायकलींचा रॅक लावणं ही पहिली. तो पातळ चौकोनी बंपर त्यासाठी बनवलेलाच नसतो, रॅकसकट गळून पडतो तो वेगळाच. दुसरी जागा ताज्या पाण्याची टाकी. काही मॉडेलांत ती अ‍ॅक्सलच्या मागे असते, तेव्हा ती भरली की टंग हलकं होतं, आणि पुढे असली तर जड. टाकी नेमकी कुठे आहे ते विकत घेताना खाली वाकून बघा. तिसरी, परतीला न रिकाम्या केलेल्या सांडपाण्याच्या टाक्या. जाताना नीट बसलेलं टंग वेट येताना बिघडतं ते यामुळे. जड सामान अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं असावं.

डोलणं सुरू झालंच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने उलटसुलट सावरू नका आणि वेग वाढवून सरळ करायच्या फंदात पडू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) हाताची पट्टी हळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे ताणला गेला की तो सरळ होतो. ही पट्टी न बघता हाताला लागली पाहिजे. कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, प्रत्येक सहलीला पुन्हा लावायचा, कारण भार बदलतो. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २० ते २५ मैलांवर नुसती पट्टी पूर्ण दाबा, ट्रेलरची चाकं लॉक होतील इथपर्यंत गेन वाढवा आणि मग जरासा खाली आणा. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या बटणाची) तार ट्रकला लावा, सेफ्टी चेनला नको. चेन नाकाखाली एकमेकींवरून तिरक्या घ्या, म्हणजे कपलर (ट्रेलरच्या नाकाची पकड) सुटला तर नाक रस्त्यावर न आपटता त्यांच्यात अडकतं.

रॅटन पास ७,८३४ फूट आहे. टर्बो इंजिनाला उंचीचा फटका कमी बसतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद मात्र दर हजार फुटांना ढोबळ ३ टक्के घटते, हे तिकडे भाड्याचा ट्रक घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. काळजी उतारांची करा. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सोय) लावून चढाच्या माथ्यावरच वेग कमी करा आणि खालचा गिअर धरून उतरा. ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही. मर्यादेपेक्षा ३३० पाउंड जास्त असलेला ट्रक सपाटीवर काहीच कुरकुर करत नाही, म्हणून लोक म्हणतात "काही होत नाही". डेनव्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगदा ओलांडून आय-७० उतरताना मात्र तीच उधारी ब्रेकच्या वासाने वसूल होते.

टायरांकडे येऊ. ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर त्याच्या स्टिकरवर दिलेल्या थंड दाबाइतके भरलेले हवेत, प्रवासाला निघण्याआधी सकाळी तपासा. नक्षी कितीही नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर बदला. नवीन ट्रेलर पहिले ५० मैल चालला की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. टेक्ससच्या उन्हाळ्यात कमी हवेचा आणि काठोकाठ भाराचा टायर फुटला तर सोबत ट्रेलरच्या तळाखालचं प्लंबिंग आणि वायरिंग फाडून नेतो. काही एसटी टायर अजूनही ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. टायरवर छापलेलं असतं, वाचा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैलांचाच कायदा आहे.

मग करायचं काय? हाच ट्रक ठेवायचा असेल तर ४,५०० ते ५,००० पाउंड जीव्हीडब्ल्यूआरचा, २०-२२ फुटी ट्रेलर बघा आणि बेड रिकामा ठेवा. पाच जणांची झोपायची सोय त्यातही होते, फक्त दाटीवाटीची. बंकहाउसच हवा असेल तर ट्रक बदलावा लागेल. एफ-१५० मध्येच साध्या ट्रिमला आणि जास्त पेलोडच्या पॅकेजला १,९०० च्या वरचे ट्रक मिळतात, पण डीलरच्या वेबसाइटवर नव्हे, त्या विशिष्ट गाडीच्या दारावर तो आकडा असायला हवा. थ्री-क्वार्टर टन (एफ-२५० चा वर्ग) घेणार असाल तर पेट्रोल इंजिन आधी बघा. डिझेल इंजिन स्वतःच कितीतरी जड असतं, आणि अनेक एफ-२५० व तशाच ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पाउंडांवर बांधलेला असतो. त्यामुळे महागड्या डिझेल ट्रकचा पेलोड कधीकधी चांगल्या हाफ-टनाच्या आसपासच निघतो. डिझेलचा टॉर्क बघून भुललेल्यांना हे फार उशिरा कळतं.

आणि आईचा मुक्काम सहाच महिन्यांचा असेल तर फक्त त्या उन्हाळ्यासाठी मोठा ट्रेलर विकत घेण्यात अर्थ नाही. कॅम्पग्राउंडवर ट्रेलर आणून, उभा करून, वीज-पाणी जोडून देणारे भाड्याने मिळतात. तुम्ही ट्रकमधून पाच जण आणि सामान घेऊन पोहोचायचं. बुक करण्याआधी त्या कॅम्पग्राउंडला फोन करून विचारा, कारण काही सरकारी पार्कांत बाहेरच्या माणसाला ट्रेलर आणून ठेवायला परवानगी नसते.